छायाचित्राचे माप



आज छायाचित्रांविषयी बोलावयाचे आहे. परंतु छायाचित्र सुंदर कसे काढावे, याविषयी नव्हे. त्या विषयावर जाणकारांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. मला सांगावयाचे आहे ते छायाचित्राच्या मापाविषयी. कापडाला माप असते, धान्याला असते, तसे छायाचित्रालाही एक माप असते; आणि ते कमी पडल्यामुळे कितीतरी चांगली छायाचित्रे उंबरठ्यावरूनच परत जातात. आपल्यापैकी काहींची मुले-मुली हौसेने, आणि चार पैसे मिळावेत या अपेक्षेनेही, आपली छायाचित्रे परदेशी चित्रपेढ्यांकडे पाठवीत असतील. त्यांच्यासाठी, आणि त्यांची धडपड बाजूला उभे राहून पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही, हे चार शब्द आहेत.

चित्रपेढी म्हणजे काय, ते प्रथम सांगितले पाहिजे. एखाद्या प्रकाशकाला भातलावणीचे एक चित्र हवे असते. त्यासाठी तो छायाचित्रकाराला कोकणात किंवा गोव्यात धाडीत बसत नाही. जेथे लाखो छायाचित्रे विषयवार लावून ठेवलेली आहेत, अशा कोठारातून तो एक चित्र निवडतो आणि ते वापरण्याची परवानगी विकत घेतो. ही कल्पना नवी नव्हे. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या ऑटो बेटमान यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे असेच एक मोठे चित्रकोठार उभे केले होते. पुढे संगणकाचे युग आले आणि कोठाराची दारे सर्वांना खुली झाली. शटरस्टॉक ही पेढी २००३ साली सुरू झाली. अ‍ॅडोबी या कंपनीने फोटोलिया नावाची पेढी आपल्याकडे घेऊन २०१५ मध्ये स्वतःची चित्रपेढी उघडली. इंग्लंडमधील अलामी ही त्यांच्याही आधीची, १९९९ सालची. आज खेड्यातला मुलगाही घरबसल्या तेथे आपले चित्र पाठवू शकतो. परंतु दार उघडे असले तरी दारात पहारेकरी आहे, आणि तो पहिला प्रश्न विचारतो तो मापाचा.

हे माप समजण्यासाठी आपल्या अंगणातील रांगोळीकडे पाहावे. ठिपक्यांची रांगोळी काढणारी गृहिणी आधी ठिपके मांडते. पाच ठिपक्यांच्या पाच ओळी असल्या, तर त्यांत एखादे लहान फूल बसते. एकवीस ठिपक्यांच्या एकवीस ओळी मांडल्या, तर त्यांत मोर बसतो, मोराचा पिसारा बसतो आणि पिसाऱ्यातील डोळेही बसतात. ठिपके जितके अधिक, तितका तपशील अधिक. संगणकावरील छायाचित्र हेही असेच ठिपक्यांचे असते. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आपण त्याला बिंदू म्हणू. आडव्या ओळीतील बिंदू आणि उभ्या ओळीतील बिंदू यांचा गुणाकार केला, की चित्राचे खरे माप हाती येते. दहा लाख बिंदूंचा एक मेगापिक्सेल होतो.

या बिंदूंची वाटचाल मोठी मनोरंजक आहे. १९५७ साली अमेरिकेतील रसेल कर्श या शास्त्रज्ञाने आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र प्रथम संगणकात उतरविले, तेव्हा त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ बिंदू होते. म्हणजे एकूण ३०,९७६. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चित्र टिपणारा पहिला कॅमेरा जुळविला. त्याच्या चित्रात अवघे १० हजार बिंदू होते आणि एक चित्र फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. आज आपल्या खिशातील साधा भ्रमणध्वनीही एका क्षणात सव्वा कोटीच्या आसपास बिंदू टिपतो.

आता अटींकडे वळू. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक या दोन्ही पेढ्यांची किमान अट ४ मेगापिक्सेल, म्हणजे ४० लाख बिंदू, अशी आहे. अ‍ॅडोबीने वरची मर्यादाही घातली असून ती १०० मेगापिक्सेल, म्हणजे १० कोटी बिंदू, आहे. शिवाय फाइल ४५ मेगाबाइटांहून जड नसावी. शटरस्टॉकची हीच मर्यादा ५० मेगाबाइटांची आहे. दोन्हीकडे छायाचित्र जेपेग या स्वरूपात देता येते. हे आकडे पेढ्या अधूनमधून बदलतात. म्हणून चित्र पाठविण्यापूर्वी त्या त्या पेढीची अट पुन्हा एकदा वाचून घेणे शहाणपणाचे ठरते.

चाळीस लाख हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. पण अंदाजाने चालण्यातही अर्थ नाही. समजा, एका चित्रात आडवे २४०० आणि उभे १६०० बिंदू आहेत. डोळ्यांना ते पुष्कळ वाटतात. गुणाकार करून पाहावा: ३८ लाख ४० हजार. हे चित्र परत येणार. याच चित्रात आडवे २४५० आणि उभे १६३३ बिंदू असते, तर गुणाकार ४० लाख ८५० झाला असता आणि चित्र मापात बसले असते. म्हणजे पास आणि नापास यांच्यामधील अंतर दोन बोटांचेही नाही. शाळेत शिकविलेला गुणाकार व्यवहारात कोठे उपयोगी पडतो, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण अवश्य देतो.

पेढ्यांनी ही अट का घातली असावी? उत्तर छापखान्यात सापडते. आपल्या हातातील वर्तमानपत्रातले चित्र भिंगाखाली धरून पाहिले, तर तेथे चेहरा दिसत नाही. दिसतात ते लहानमोठे ठिपके. छपाईच्या जाळीत हे ठिपके ओळीने बसविलेले असतात. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर एका इंचात अशा सुमारे ८५ ते १०० ओळी असतात. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर त्या दीडशेच्या घरात जातात. छापखान्याचा सर्वसाधारण नियम असा, की इंचामागे जितक्या ओळी, त्याच्या दुप्पट बिंदू चित्राने पुरवावे. दीडशेची दुप्पट तीनशे. "इंचाला तीनशे" हे शब्द जे आपण वारंवार ऐकतो, त्यांचे मूळ येथे आहे.

आता २४५० ला ३०० ने भागा. उत्तर येते आठ इंच आणि वर थोडे. याचा अर्थ असा, की पेढीने मागितलेल्या किमान मापाचे आडवे चित्र मासिकाच्या पानाची रुंदी जेमतेम भरून काढते. संपूर्ण पान, म्हणजे ज्याला ए-फोर म्हणतात तेवढा कागद, भरावयाचा तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू हवेत. तेव्हा पेढीची अट ही अडवणूक नव्हे. गिऱ्हाईक पैसे देऊन चित्र नेणार आणि ते छापल्यावर फिसकटलेले निघाले, तर बोल पेढीलाच लागणार.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला या तीनशेच्या आकड्याविषयीचा. पुष्कळांना असे वाटते, की चित्राच्या माहितीत ७२ च्या जागी ३०० असे लिहिले, म्हणजे चित्राचे रिझोल्यूशन वाढले. तसे मुळीच नाही. तो आकडा म्हणजे छापणाऱ्यासाठी लिहिलेली केवळ सूचना होय. सहा हजार गुणिले चार हजार बिंदूंचे चित्र ७२ लिहिले तरी २ कोटी ४० लाख बिंदूंचेच राहते आणि ३०० लिहिले तरी तितकेच राहते. दुधाच्या चरवीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतले दूध वाढत नाही.

दुसरा गैरसमज मेगापिक्सेल आणि मेगाबाइट यांच्याविषयीचा. पहिला शब्द बिंदूंची संख्या सांगतो, दुसरा फाइलचे वजन सांगतो. अलामीची अट अशी आहे, की चित्र उघडल्यावर त्याचे वजन १७ मेगाबाइटांहून अधिक भरावे. ही अट वाचून कित्येकजण हताश होतात. कारण त्यांची फाइल चार-पाच मेगाबाइटांचीच असते. परंतु "उघडल्यावर" या शब्दात सारे मर्म आहे. जेपेग पद्धतीत चित्र दाबून, घडी करून ठेवलेले असते. ती घडी उलगडली, की प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांसाठी तीन बाइट लागतात. सतरा मेगाबाइटांना तीनाने भागले, की सुमारे ६० लाख बिंदू येतात. अट एवढीच आहे. सव्वा कोट बिंदूंचे चित्र घडीत चार मेगाबाइटांचे दिसले, तरी उलगडल्यावर ते छत्तीसच्या आसपास भरते आणि सहज पार पडते.

ही घडी घालण्याची युक्ती ज्या गणितावर उभी आहे, ते १९७४ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत नासिर अहमद हे बंगळूरचे गृहस्थ प्रमुख होते, हे आपल्याला भूषणावह आहे. मात्र त्या घडीचा एक दोष लक्षात ठेवावा. दर वेळी चित्र उघडून, त्यात फेरफार करून, पुन्हा जेपेगमध्ये ठेवले, की थोडा तपशील झिजतो. धुण्यात कापड विरते तसेच हे. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवून काम दुसऱ्या प्रतीवर करावे.

इंदूर आणि हैदराबाद येथील श्रोत्यांना राजा दीनदयाळ हे नाव परके नाही. १८४४ ते १९०५ हा त्यांचा काळ. इंदुरात नोकरीत असताना त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी काचेवर चित्र घेत आणि ती काच कागदावर टेकवून उन्हात छापीत. त्यामुळे काच जेवढी, तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे असेल, तर मोठी काच आणि ती मावेल असा अवजड कॅमेरा घेऊन गडकिल्ल्यांवर चढावे लागे. मापाचा निर्णय चित्र घेण्यापूर्वीच करावा लागे. आज साधने बदलली, परंतु हा नियम बदललेला नाही. जो तपशील चित्र घेताना टिपला नाही, तो मागाहून आणता येत नाही.

तो तपशील हातचा जातो कसा, हेही पाहू. पहिली वाट कातरीची. भ्रमणध्वनीच्या चित्रात साधारणपणे ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असतात. कडेची गर्दी नको म्हणून आपण रुंदी निम्मी केली आणि उंचीही निम्मी केली. आपल्याला वाटते, अर्धे चित्र शिल्लक आहे. प्रत्यक्षात २००० गुणिले १५००, म्हणजे ३० लाख बिंदू उरतात, मूळच्या चौथाई. चित्र मापातून गेले. तीच काटछाट प्रत्येक बाजूचे सहा दशांश राखून केली, तर २४०० गुणिले १८००, म्हणजे ४३ लाख २० हजार बिंदू उरतात आणि चित्र वाचते. स्वतंत्र भिंग नसलेल्या भ्रमणध्वनीत बोटांनी चित्र जवळ ओढणे ही सुद्धा कातरीच आहे. फक्त ती आधी चालते, एवढाच फरक. पुष्कळदा यंत्र त्या कातरलेल्या तुकड्याला पुन्हा फुगवून मूळच्या मापाचे करते. मग संख्या पुरी दिसते आणि तपशील मात्र नसतो. यास्तव शक्य असेल तेथे बोटे चालविण्याऐवजी दोन पावले पुढे चालावे.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. माझा एक जुना विद्यार्थी खानापूर तालुक्यात एका वृद्ध कुंभाराकडे गेला होता. सकाळच्या तिरप्या उन्हात, फिरत्या चाकावर, मडक्याच्या गळ्याभोवती ते म्हातारे हात कसे वळतात, ते त्याने टिपले. चित्र खरोखर उत्तम होते. घरी आल्यावर त्याने ते व्हॉट्सअ‍ॅपवरून संगणकावर घेतले आणि भ्रमणध्वनीत जागा नाही म्हणून मूळ चित्र पुसून टाकले. अशा मार्गाने सामान्य पद्धतीने पाठविलेले चित्र वाटेत लहान केले जाते, हे त्याच्या गावीही नव्हते. हाती उरले ते १६०० गुणिले १२००, म्हणजे १९ लाख २० हजार बिंदू. एका चित्रपेढीने ते अर्थातच परत केले.

तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, चित्र तर स्पष्ट दिसतंय की! मग नको का म्हणतात?" मी म्हटले, "अरे, पडद्यावर दिसणे वेगळे आणि कागदावर उतरणे वेगळे." मध्यंतरी कोणीतरी त्याला संगणकावर चित्र मोठे करून दिले होते. संख्या ४० लाखांच्या वर गेली, त्याने पुन्हा पाठविले, आणि ते पुन्हा परत आले. "तर मग पुन्हा जाऊन काढतो," असे तो म्हणाला खरा; पण तोवर त्या वृद्धाचे आजारपण आले होते. चाक उचलून ठेवले गेले आणि मुलांपैकी कोणी ते पुढे चालविणार नव्हते. ते हात पुन्हा तसे दिसण्याचा संभव उरला नाही.

मोठे केलेले चित्र का परत आले, हे नीट समजून घ्यावे. संगणक चित्र मोठे करतो, तेव्हा दोन खऱ्या बिंदूंच्या मध्ये आपल्या अंदाजाचे बिंदू भरतो. हल्लीची कृत्रिम बुद्धीची साधने तर हे काम इतक्या सफाईने करतात, की पाहणारा चकित व्हावा. परंतु ती सुरकुती त्या कुंभाराच्या हातावरची नसते. हजारो इतर हात पाहून यंत्राने बसविलेली असते. जाहिरातीतील फुलापानांच्या चित्राला ते कदाचित चालेलही. जे चित्र "असा हा कुंभार होता" असे सांगते, त्यात मात्र ते बसत नाही. दुधात पाणी घातल्याने चरवी भरते, पण गिऱ्हाईक चरवी विकत घेत नाही.

उलट दिशेने जाणे मात्र रास्त आहे. २ कोटी ४० लाख बिंदूंचे चित्र किंचित मऊ आले असेल, किंवा अंधारामुळे त्यात रवाळपणा आला असेल, तर ते ३००० गुणिले २००० बिंदूंवर आणावे. चार बिंदूंची सरासरी होऊन एक बिंदू होतो, रवाळपणा सुमारे निम्मा होतो, आणि तरी ६० लाख बिंदू शिल्लक राहतात. येथे आपण काही जोडीत नाही. जवळ होते त्यातूनच निवडतो. ज्याच्यापाशी अधिक आहे, त्याला कमी करता येते. म्हणून चित्र घेताना कॅमेऱ्यात सर्वांत मोठे माप निवडून ठेवावे, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय.

माप भरले म्हणजे काम झाले, असेही नव्हे. पेढीचा परीक्षक चित्र शंभर टक्के मापावर, म्हणजे चित्राचा एक बिंदू पडद्याच्या एका बिंदूवर ठेवून, पाहतो. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेचे चित्र घ्या. लांबून पाहता दर्शनी भाग भव्य दिसतो. शंभर टक्क्यांवर मात्र जांभ्या दगडाची छिद्रे वेगवेगळी दिसली पाहिजेत. ती एकमेकांत मिसळून तांबडा चिखल झाला असेल, तर कोट्यवधी बिंदू असूनही तपशील नाही, असे ठरते. हात हलला असेल, नेम चुकला असेल किंवा काचेवर बोटाचा डाग असेल, तर बिंदू वाढवून भागत नाही. बिंदू हे भांडे होय. त्यात तपशील भरतो तो प्रकाश, स्थिर हात आणि स्वच्छ भिंग.

घरातील जुनी छायाचित्रे संगणकात उतरविणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. चार इंच गुणिले सहा इंचांचे चित्र इंचाला ३०० या मापाने उतरविले, तर १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार बिंदू मिळतात. चित्र मापात बसत नाही. तेच ६०० या मापाने उतरविले, तर ८६ लाख ४० हजार मिळतात. पस्तीस मिलिमीटर फिल्मची एक चौकट लहान असल्यामुळे तिला इंचाला २४०० तरी ठेवावे. म्हणजे सुमारे ७७ लाख बिंदू हाती येतात. अशी चित्रे विकावयाची, तर ती काढणाऱ्याचा हक्क आणि चित्रातील माणसांची संमती हे प्रश्नही येतात. पण विकावयाची नसली, तरी आजीचा चेहरा पूर्ण मापाने जपून ठेवण्यात तोटा काय आहे?

त्या कुंभाराच्या चित्राचे पुढे काय झाले, हे कोणी विचारील. १६०० ला ३०० ने भागले, तर सव्वापाच इंचांहून थोडे अधिक येतात. तेवढ्याच रुंदीत ते एका स्थानिक स्मरणिकेत छापले गेले आणि स्वच्छ उतरले. तेव्हा लहान माप म्हणजे टाकाऊ चित्र नव्हे; ज्या कामासाठी ते पुरते, त्या कामाला ते द्यावे. जगाच्या बाजारात मात्र ते जाऊ शकले नाही, आणि त्या मुलाच्या फीला त्याचा हातभार लागावयाचा राहिला, हेही खरेच.

म्हणून जाता जाता कामाचा क्रम सांगतो. कॅमेऱ्यात सर्वांत मोठे माप निवडावे. काढलेले चित्र तारेने, किंवा संदेशाबरोबर पाठवावयाचे झाल्यास "डॉक्युमेंट" म्हणून, संगणकावर न्यावे. म्हणजे ते वाटेत आखडत नाही. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवावी आणि ती दोन्हीकडे उघडते, याची खात्री होईपर्यंत भ्रमणध्वनीतील चित्र पुसू नये. काटछाट केल्यावर आडवे आणि उभे बिंदू पाहून गुणाकार करावा. मग शंभर टक्क्यांवर सारे चित्र, कोपऱ्यांसकट, डोळ्यांखालून घालावे. एवढे करण्यास दहा मिनिटे पुरतात. या दिवाळीत घरी कोणी कॅमेरा हाती घेतला, तर त्याला एवढेच विचारा, की माप पुरे लावले आहे ना?